उलट्या दाराची बिजागरी

गेल्या नवरात्रात घटस्थापनेच्या सकाळी गाडी धुऊन पुसून झाल्यावर मी चालकाच्या बाजूचे दार उघडले, तेव्हा वरच्या बिजागरीतून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला आणि दार दोन बोटे खाली बसले. ते बंद होईना, आणि सोडून दिले तर खालच्या एकाच बिजागरीवर लोंबकळणार हे दिसत होते. मुलाने हाताने उचलून धरले, मी आतून गोधडीची घडी आणून खाली विटांवर टेकू दिला, आणि मग काय तुटले आहे ते पाहायला वाकले.

गाडी १९५६ सालची फियाट ११०० आहे. आमच्या आण्णांनी ती १९७१ मध्ये जुनीच विकत घेतली होती आणि सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर ते बरीच वर्षे याच गाडीतून जात असत. इटलीत हे मॉडेल १९५३ साली आले आणि पुढे आपल्याकडे मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ते जोडायला घेतले. गोल नाक आणि फुगीर पाठ यांमुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव इतके पक्के बसले की आण्णासुद्धा कौतुकाने ‘आमचं डुक्कर’ असेच म्हणत. या गाडीची खरी गंमत पुढच्या दारांत आहे. ती पुढून नव्हे, तर मधल्या खांबावर, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीमागे जोडलेली असतात आणि पुढच्या काचेच्या बाजूने उघडतात. माझ्या नऊवारीतल्या आजीला तर हीच एक गाडी सोयीची वाटे, कारण दारासमोर पाठ करून आधी सीटवर टेकायचे आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, एवढेच काम असे. मागची दारेही त्याच खांबावर जोडलेली असल्यामुळे त्या एका खांबावर चार दारांपैकी दोन-दोन दारांचे वजन दोन्ही बाजूंना पडते.

तुटली होती ती वरची बिजागरी. घराच्या दाराला दोन सपाट पाती आणि मध्ये खिळ असते, तशी ती नाही. खांबाला तीन स्क्रूंनी बसणारे एक जाड पाते, त्यातून हंसाच्या मानेसारखा वळून बाहेर येणारा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला पिन जाण्यासाठी डोळा, असा आमच्या गाडीवरचा तो तुकडा आहे. वरच्या आणि खालच्या बिजागरीच्या दांड्यांची लांबी सारखी नाही, आणि ते मला आधी चुकीचे वाटले होते. विचार केल्यावर कारण कळले. गाडीची बाजू वर जाताना आत कललेली असते, पण दार फिरायचे तर दोन्ही पिना एका सरळ रेषेत असाव्याच लागतात, म्हणून अंगाच्या गोलाईत पडणारा फरक दांड्याच्या लांबीने भरून काढावा लागतो. म्हणजे एका गाडीला दोन दारांच्या मिळून चार वेगवेगळ्या बिजागऱ्या होतात. वरची खाली चालत नाही आणि डावी उजवीकडे चालत नाही.

त्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या, एक बरोबर आणि एक चुकीची. बरोबर ही, की तुटलेल्या जागेचे जवळून चार-पाच फोटो काढून ठेवले. चुकीची ही, की दसऱ्याला गाडीची पूजा व्हायलाच हवी या हट्टापायी दुसऱ्या दिवशी एका वेल्डिंगवाल्याला घरी बोलावले आणि दार न उतरवता, गाडीवरच, इलेक्ट्रिक रॉडने दांडा पात्याला जोडून घेतला. जोड दिसायला भक्कम होता. दसरा पार पडला, आणि अकराव्या दिवशी तोच आवाज पुन्हा आला. या वेळी तडा जोडात नव्हता, तर जोडापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, चाकूने कापावा इतका सरळ गेला होता.

मग शोधाशोध सुरू झाली. जुन्या फियाटचे भाग मिळतात असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने निघालेल्या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून इतक्या धावल्या की त्यांतली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरेपर्यंत सुट्या भागांचा बाजार जिवंत होता, आणि अजूनही तो पुरता आटलेला नाही. पण कंपनीने मधल्या काळात पुढची दारे सरळ करून टाकली होती. पद्मिनीचे पुढचे दार पुढच्या खांबावर जोडलेले असते, त्यामुळे तिच्या बिजागरीचा माझ्या बिजागरीशी नावापलीकडे संबंध नाही. हे मी फोनवर किमान दहा जणांना समजावून सांगितले, आणि त्यांतल्या तिघांनी तरीही पद्मिनीच्याच बिजागऱ्यांचे फोटो पाठवले. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी भाचा जाऊन आला, तो हात हलवत परतला. कोल्हापूरला एका भंगारच्या आवारात डुक्कर फियाटचे अख्खे दार मिळाले, म्हणून मी स्वतः एसटीने गेले, पण दार गॅसने कापून काढलेले होते आणि कापणाऱ्याने ज्योत नेमकी बिजागऱ्यांवरूनच फिरवली होती.

याच दरम्यान एका डेंटिंगवाल्याने सल्ला दिला की दाराची बाजूच बदलून टाकावी, म्हणजे बिजागऱ्या पुढे आणि कुलूप मागे घेऊन पद्मिनीसारखे सरळ दार करून द्यावे, कटकट कायमची मिटेल. चालत्या गाडीत उलटे दार चुकून उघडले तर वारा ते आणखी खेचतो, हा त्याचा मुद्दा खरा होता आणि तो मी मान्यही केला. पण मग ती गाडी आण्णांची राहिली नसती. शिवाय २०२१ च्या जुलैपासून पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचा, ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाचा जो नियम आला आहे, त्यात गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी अशी अट आहे, आणि ती नोंदणी कधी ना कधी करून घ्यायची असे माझ्या मनात आहे. मी त्याला चहा पाजला आणि नको म्हणून सांगितले.

आमच्या ओळखीचे एक सर सांगलीतल्या विश्रामबागच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये वर्कशॉप शिकवून निवृत्त झाले आहेत. ज्या वालचंद हिराचंदांचे नाव त्या कॉलेजला आहे, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली होती, तेव्हा ही गाडी म्हणजे आपल्याच घरचा रुग्ण आहे, असे म्हणून सरांनी ते काम मनावर घेतले. त्यांनी तुटलेला दांडा बाजूला ठेवला आणि आधी माझ्या फोनमधले पहिल्या दिवशीचे फोटो मागितले. तुटलेल्या तोंडाचा साधारण दोन तृतीयांश भाग तपकिरी, गंजलेला आणि गुळगुळीत होता. उरलेला तिसरा हिस्सा मात्र खडीसाखर फोडल्यासारखा करडा आणि चकाकणारा होता. सर म्हणाले, “ही त्या दिवशी तुटलेली नाही. त्या दिवशी फक्त शेवटचा तुकडा सुटला. तडा जुना आहे, वर्षानुवर्षे पुढे सरकत आलेला. आता प्रश्न हा, की बिजागरीचं काम फिरायचं असताना ती वाकत का होती?”

याचे उत्तर पुढच्या दोन दिवसांत मिळाले. दार उतरवायला आम्ही तिघे लागलो. दाराखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर तीच गोधडी, आणि मग खालच्या बिजागरीची पिन ठोकून काढली. खांबावर उरलेल्या पात्याचे तीन स्क्रू मात्र जागचे हलेनात. दोन दिवस गंज सोडवणारे तेल सोडले, हातोडीने ठोकून फिरवायचा स्क्रू ड्रायव्हर वापरला, शेवटी एका स्क्रूला थोडी गॅसची आच दिली. तिसरा सुटला त्या क्षणी खांबाच्या आत काहीतरी खणकन पडले. स्क्रू ज्यात बसतात ती आट्यांची पट्टी आतून सैल असते, कारण दार बसवताना थोडे मागेपुढे करता यावे, आणि ती धरून ठेवायला हवी हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. दोरीला चुंबक बांधून ती वर काढताना तिच्याबरोबर मूठभर काळी, कोरडी, कुळथाच्या पिठासारखी मऊ माती बाहेर आली, आणि त्या मातीत नखाएवढा एक पांढरा शंख होता.

ती कृष्णेची माती होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, तेव्हा गावभागातल्या आमच्या अंगणात ही गाडी खिडकीच्या काचेपर्यंत पाण्यात होती. पूर ओसरल्यावर आम्ही इंजिन उघडून धुतले, गिअरबॉक्सचे तेल दोनदा बदलले, ब्रेक नवे केले, सीटचा काथ्या फेकून दिला, वायरिंग बदलले. बिजागऱ्या पाहाव्यात असे कोणाच्या मनात आले नाही. गाळ पिनेच्या फटीत शिरला, वाळला, पिन गंजली आणि डोळ्यात जवळजवळ चिकटून बसली. दार तेव्हापासून जड झाले होते आणि आम्ही ते गाडीचे वय म्हणून सोडून दिले होते. पिन फिरत नाही म्हटल्यावर दर वेळी दार उघडताना तो वळलेला दांडाच किंचित पिळला जात होता, आणि दांड्याच्या वळणात, जिथे तो पात्याला मिळतो, तिथे तडा जन्मला. पाच वर्षे तो रोज केसभर पुढे गेला असणार.

राहिला प्रश्न धातूचा. कुपवाडच्या एमआयडीसीत सरांच्या ओळखीचे एक छोटे मशीनशॉप आहे, तिथल्या टर्नरने दांड्याचे टोक ग्राइंडरला हलकेच लावून ठिणग्या पाहिल्या. शेजारी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक तुकडा आणि एक साधा बोल्टही आळीपाळीने लावून दाखवला. बोल्टच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर पांढऱ्या पडत होत्या, बिडाच्या आखूड आणि लालसर. आमच्या दांड्याच्या ठिणग्या या दोन्हींच्या मधल्या होत्या, फार लांब नाहीत, पण टोकाला बारीक फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. “ताई, हे नुसतं बीड न्हाई,” तो म्हणाला, “मॅलिएबल हाय. ह्याला करंटनं वेल्डिंग करत न्हाईत.” मॅलिएबल म्हणजे बीडच, पण ओतल्यावर पुष्कळ तास भट्टीत तापवून चिवट केलेले. वेल्डिंगच्या आचेने ते जोडाजवळ वितळते आणि निवताना परत मूळच्या कडक, काचेसारख्या ठिसूळ रूपात जाते. म्हणूनच वेल्डिंगवाल्याचा जोड शाबूत राहिला आणि तुटले ते शेजारी. पितळी डाग देऊन जोडले असते तर मूळ धातू वितळला नसता आणि काम बहुधा निभावले असते. पण आता पात्याची कड कडक होऊन तिच्यावर कानस घसरत होती, डोळाही आचेने लंबगोल झाला होता. तो तुकडा वाचवण्याजोगा राहिला नव्हता, आणि याचा दोष मी माझ्या दसऱ्याच्या घाईला देते.

मग नवा तुकडा अखंड पोलादातून कापून काढायचे ठरले. ईएन ८ जातीच्या पोलादाचा ठोकळा घ्यायचा, वायरकट मशीनवर त्यातून हंसमानेचा आकार काढायचा, मग मिलिंगच्या कापयंत्रावर नको तो भाग उतरवून पाते आणि डोळा वेगळे दिसू द्यायचे. वायरकट मी पहिल्यांदाच पाहिले. केसासारखी बारीक तार पाण्याच्या धारेत वरून खाली धावते, तारेतून विजेच्या ठिणग्या पडतात, आणि तारेचा लोखंडाला स्पर्शही न होता पोलाद साबणासारखे कापले जाते. फक्त त्याला फार वेळ लागतो, आमच्या एवढ्याशा तुकड्याला दुपार गेली.

पण मशीनला आकार कोणता सांगायचा? मूळ बिजागरी दोनदा तुटून एकदा वितळलेली, म्हणजे मापाला निरुपयोगी. म्हणून मी डाव्या दाराची वरची बिजागरी सोडवली. या वेळी आतली पट्टी तारेने बांधून घेतली होती. पुठ्ठ्यावर ती बिजागरी ठेवून अणकुचीदार पेन्सिलीने कडा आखली, व्हर्नियर या बारीक मापाच्या पट्टीने प्रत्येक माप दोनदा घेतले, डोळा पात्याच्या वरच्या अर्ध्या भागात येतो आणि तीन भोके त्रिकोणात असतात हे नीट टिपले. बँकेत तीस वर्षे आकडे तपासण्यात गेली असल्याने मापांत माझी चूक होणार नाही असा मला भरवसा होता, आणि मापांत चूक झालीही नाही. पाच दिवसांनी सुरेख, आरशासारखा तुकडा हातात आला, मी घरी येऊन तो उजव्या खांबाला लावला, आणि दांडा दाराकडे वळण्याऐवजी मागे, मागच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. उलटा धरावा तर वळण बरोबर येई, पण डोळा वर यायचा तो खाली जाई आणि तीन भोकांपैकी एकच जुळे. मी डाव्या बिजागरीचे चित्र दिले होते आणि त्यांनी इमानेइतबारे डावी बिजागरी बनवली होती. पुठ्ठा पालथा करून द्यायला हवा होता, एवढेच. तो तुकडा कपाटाच्या खणात गेला. दुसऱ्या वेळी पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांना लाल शाईने ‘उजवी – वर’, ‘दाराची बाजू’, ‘मागची बाजू’ असे लिहून दिले. टर्नर ते वाचून हसला, पण नवे काम करताना त्याने तो पुठ्ठा मशीनसमोर चिकटवून ठेवला होता.

डोळ्यात गनमेटलचे बुश, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची छोटी नळी, दाबून बसवले, भोक नेमक्या मापाचे करायला त्यात आठ मिलिमीटरचा रिमर फिरवला, आणि पिन चकचकीत बारची नवी केली. ती बिजागरीच्या दाराकडच्या अर्ध्या भागात घट्ट आणि बुशमध्ये सैल, म्हणजे बोटाने फिरेल पण हलणार नाही, अशी ठेवली. मूळ बिजागरीत नसलेली एकच गोष्ट केली. डोळ्याच्या वरच्या अंगाला दोन मिलिमीटरचे भोक पाडले, तेलाचा थेंब सोडायला. मूळ स्वरूपाचा एवढा भंग मी पत्करला आहे.

बसवण्याच्या कामात सर स्वतः आले. दार चढवण्याआधी त्यांनी मीटरभर लांबीचा आठ मिलिमीटरचा सरळ बार मागवून तो वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही डोळ्यांतून एकदम घालायला सांगितला. वरून गेला, खाली अडला. खांबाचा पत्रा इतक्या वर्षांच्या ओढीने वरच्या बाजूला किंचित आत गेला होता, आणि तसेच स्क्रू आवळले असते तर नवी पिनही पहिल्या दिवसापासून चेपली गेली असती. पितळी पत्र्याच्या दोन शिम, म्हणजे पातळ चकत्या, कापून वरच्या पात्याखाली घातल्या, तेव्हा कुठे बार हात न लावता आपल्या वजनाने सर्रकन खाली उतरला. तो आवाज ऐकून सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. दार चढवायला मग वीस मिनिटे पुरली. पोलाद, वायरकट, मिलिंग, बुश आणि पिन असे सगळे मिळून साडेचार हजार रुपये लागले. त्यांत माझ्या चुकीच्या तुकड्याचे पैसे धरलेले आहेत.

दार आता एका बोटाने उघडते. इतके हलके झाले की पहिल्याच दिवशी मुलाने जुन्या सवयीने जोर लावला आणि ते पार टोकापर्यंत जाऊन आदळले. म्हणून दार मर्यादेत थोपवणारा चामड्याचा जीर्ण पट्टाही आम्ही लगेच मिरजेच्या एका चामड्याचे काम करणाऱ्याकडून नवा करून घेतला.

डावी बिजागरी परत बसवायची राहिली होती. सरांच्या सांगण्यावरून मी ती रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, सकाळी कोरड्या फडक्याने खसखसून पुसली आणि तिच्यावर फळ्याच्या खडूची पूड लावून उन्हात ठेवली. तासाभराने पाहिले तर पांढऱ्या पुडीवर, दांड्याच्या त्याच वळणात, रॉकेल झिरपून आलेली एक काळसर रेघ उमटली होती, अर्ध्या बोटाएवढी. मी कपाटाच्या खणातून तो चुकलेला तुकडा काढला आणि बुश बसवून घेण्यासाठी पुन्हा कुपवाडला नेला.